नांगरलेल्या जहाजावरील दोन महिने

कोकणच्या खाड्यांतून शिडाचीं गलबतें ये-जा करीत असत, त्या काळांतला एक देखावा आपल्यापैकीं कित्येकांनीं वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकला असेल. माल भरून झाला आहे, पाण्याचीं पिंपें चढलीं आहेत, खलाशी घरच्या माणसांचा निरोप घेऊन आले आहेत. आणि तरीहि गलबत खाडीच्या मुखाशीं नांगर टाकून स्वस्थ उभें आहे. तांडेल नाळेवर बसून आकाशाकडे पाहत आहे. मतलई वारा सुटावयाचा आहे, किंवा भरती पुरी व्हावयाची आहे. किनाऱ्यावर निरोप द्यावयास आलेलीं माणसें कंटाळून घरीं जातात, दुसऱ्या दिवशीं पुन्हां येतात, आणि पुन्हां तोच निरोप देतात. प्रवासाचीं वर्णनें आपण पुष्कळ वाचतों. पण प्रवास सुरू होण्यापूर्वीच्या या ताटकळण्याचें वर्णन क्वचितच कोणी लिहून ठेवतो.

आज मी आपणांस अशाच एका थांबलेल्या जहाजाची हकीकत सांगणार आहें. तें जहाज आपल्या किनाऱ्यावरचें नव्हे. इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडील प्लिमथ बंदरांतलें. साल १८३१. जहाजाचें नांव ‘बीगल’. पुढें जगाच्या इतिहासांत अजरामर झालेलें हें जहाज प्रत्यक्षांत किती लहान होतें, याची आपणांस कल्पना नसेल. लांबी नव्वद फूट, रुंदी साडेचोवीस फूट. आपल्याकडील एखाद्या मोठ्या वाड्याचें अंगणहि याहून ऐसपैस असे. एवढ्या जागेंत चौऱ्याहत्तर माणसें राहावयाचीं होतीं, आणि तींहि दोन-तीन वर्षें. दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याची मोजणी करणें आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून ठिकठिकाणचे रेखांश निश्चित करणें, ही त्यांची कामगिरी होती.

कप्तान रॉबर्ट फिट्झरॉय हा अवघ्या सव्वीस वर्षांचा होता. त्याच्या सोबतीला एक तरुण निसर्गाभ्यासक निघाला होता. त्याचें वय बावीस. केंब्रिजची पदवी नुकतीच हातीं आलेली. वडिलांची इच्छा त्यानें धर्मोपदेशक व्हावें अशी. या प्रवासाला वडिलांनीं प्रथम साफ नकार दिला होता. मामानें रदबदली केली तेव्हां कोठें परवानगी मिळाली. या तरुणाचें नांव चार्लस डार्विन.

जहाज सप्टेंबरच्या अखेरीस निघणार, असें त्याला प्रथम सांगण्यांत आलें. मग ऑक्टोबर ठरला. मग नोव्हेंबर. ता. २४ ऑक्टोबर रोजीं तो प्लिमथला येऊन पोंचला, आणि जहाज खरोखर निघालें तें २७ डिसेंबरला. या दोन महिन्यांविषयीं त्यानें म्हातारपणीं आत्मचरित्रांत जें लिहून ठेवलें, त्याचा आशय असा, कीं आपल्या आयुष्यांत इतके दुःखाचे दिवस आपण कधीं काढले नाहींत. श्रोतेहो, हा मनुष्य पुढें पांच वर्षें समुद्राच्या ओकाऱ्यांनीं हैराण झाला, भूकंप पाहिला, हॉर्नच्या भूशिराजवळ वादळांत सांपडला. पण सर्वांत वाईट दिवस कोणते, तर बंदरांतले! असें कां व्हावें?

प्रथम उशिराचें कारण पाहूं. तें वाऱ्याचें नव्हतें, सुताराचें होतें. ‘बीगल’ गोदींत घेऊन उघडतांच तिचीं लांकडें कुजलेलीं आढळलीं, आणि जवळ जवळ नवें जहाज बांधण्याची पाळी आली. फिट्झरॉयहि कसल्याहि बाबतींत तडजोड करणारा नव्हता. त्यानें वरचा डेक पुढच्या बाजूस बारा इंच व मागच्या बाजूस आठ इंच उंच करून घेतला, म्हणजे वादळांत पाणी सहज वर चढूं नये. डोलकाठ्यांवर विजेपासून संरक्षण करणाऱ्या तांब्याच्या पट्ट्या बसविल्या. डबाबंद मांसाचे पांच ते सहा हजार डबे भरले. आणि रेखांशांच्या मोजणीसाठीं एक नव्हे, दोन नव्हे, बावीस कालमापक घड्याळें घेतलीं. तीं भुशांत बसवून अशा रीतीनें ठेवलीं होतीं, कीं जहाज कितीहि डोललें तरी त्यांना धक्का लागूं नये. यांतलीं कांहीं घड्याळें कप्तानानें पदरमोड करून घेतलेलीं होतीं.

आतां डार्विनच्या वांट्याला आलेली जागा पाहा. जहाजाच्या मागील अंगाची, नकाशे काढण्याची खोली, हीच त्याची खोली. ती दहा-अकरा फूट लांबीरुंदीची. मध्यभागीं मोठें मेज, भिंतींना पुस्तकांचीं कपाटें. जहाजावर एकंदर सुमारें चारशें पुस्तकें होतीं. या मेजावर मोजणी-अधिकारी स्टोक्स याचें दिवसभर काम चालावयाचें. किंग नांवाचा एक अल्पवयी उमेदवारहि त्याच खोलींत. डार्विननें पत्रांत लिहिलें आहे, कीं आपल्या कोपऱ्यांत अंग वळविण्यापुरतीच जागा आहे. रात्रीं मेजाच्या वर त्याची झोळी टांगावयाची. आणि तो उंच असल्यामुळें पाय मावेनात, म्हणून कपाटाचा एक खण काढून त्या पोकळींत झोळीचें टोंक अडकवावें लागे.

डिसेंबरच्या आरंभीं तो पहिल्यानें जहाजावर निजला. त्या रात्रीची फजिती त्यानें मोठ्या विनोदानें नोंदली आहे. आपण खाटेवर चढतों त्याप्रमाणें त्यानें झोळींत प्रथम पाय टाकण्याचा प्रयत्न केला. झोळी अधांतरीं लोंबकळणारी. पाय टेकतांच ती पुढें पळे, आणि हा जागच्या जागीं. पुष्कळ झटापटीनंतर त्याला खरी युक्ति समजली : प्रथम बरोबर मध्यभागीं बसावें आणि मग अंगाला एक चपळ पीळ द्यावा, म्हणजे डोकें व पाय आपापल्या जागीं जाऊन पडतात. आपल्या घरच्या झोपाळ्यावर निजलेल्यास हें ज्ञान नवें वाटणार नाहीं!

थांबलेल्या जहाजावरील दिवस कसा जातो? ज्याला काम आहे त्याचा दिवस कामांत जातो. स्टोक्स घड्याळें व नकाशे पाहत असे. सुतार, रंगारी, शिडें शिवणारे, सर्व आपापल्या कामांत. जहाजाचा शल्यवैद्य मॅककॉर्मिक याला मात्र त्या दिवसांत एका मोठ्या विवंचनेनें ग्रासलें होतें; ती म्हणजे आपल्या खोलीला करडा रंग द्यावा कीं पांढरा! ही गोष्ट डार्विननें आपल्या केंब्रिजच्या गुरुजींना काहींशा थट्टेनें कळविली आहे. परंतु थट्टा करणाऱ्याची स्थिति तरी काय होती? त्याला नेमून दिलेलें काम कांहींच नव्हतें. तो सामान लावी, पुन्हां काढी, पुन्हां लावी. पलीकडच्या माउंट एजकंबच्या वनराईंत फिरावयास जाई. दुसऱ्यांच्या घरीं जेवी. पावसाकडे पाही. आणि रात्रीं छातीवर हात ठेवून निजे.

कारण त्याच सुमारास त्याच्या छातींत धडधड व वेदना सुरू झाल्या. वैद्यकाचें शिक्षण अर्ध्यावर सोडून आलेला हा तरुण. अर्धवट ज्ञानानें भीति अधिकच वाढते. आपल्याला हृदयविकार जडला आहे, अशी त्याची खात्री झाली. वडील स्वतः नामांकित डॉक्टर. पण त्यानें त्यांना विचारलें नाहीं. प्लिमथमध्येंहि कोणाला दाखविलें नाहीं. कां? तर ‘तुम्ही प्रवासास लायक नाहीं’ असें उत्तर येईल, ही धास्ती. जायचें तर आहेच, मग कांहींहि होवो, असा निश्चय करून त्यानें तें दुखणें मनांतल्या मनांत ठेवलें. श्रोतेहो, हें शौर्य म्हणावें कीं अविचार, याचा निर्णय मी करूं शकत नाहीं. एवढें मात्र दिसतें, कीं जहाज ठरल्या दिवशीं निघालें असतें, तर या विचाराला इतका अवकाशच मिळाला नसता. घर सुटलेलें आहे पण प्रवास लागलेला नाहीं, अशा वेळीं मनुष्याच्या सर्व शंकांना पाय फुटतात. परीक्षेपेक्षां परीक्षेच्या दाराबाहेरचा अर्धा तास अधिक जड जातो, हें आपणां सर्वांच्या अनुभवाचें आहे. डार्विनचा तो अर्धा तास दोन महिने लांबला.

त्याच जहाजावर आणखी तिघेजण निघण्याची वाट पाहत होते. दक्षिण अमेरिकेच्या अगदीं टोंकाला टिएरा डेल फ्युएगो म्हणून बेटें आहेत. तेथील चार रहिवाशांना फिट्झरॉयनें मागील सफरींत, १८३० सालीं, इंग्लंडांत आणलें होतें. एक जण देवीच्या रोगानें तेथेंच मरण पावला. उरलेले तिघे, म्हणजे खलाशांनीं यॉर्क मिन्स्टर, जेमी बटन व फ्युएजिया बास्केट अशीं नांवें दिलेले दोन पुरुष व एक लहान मुलगी, इंग्रजी शाळेंत शिकून आतां परत चालले होते. त्यांच्याबरोबर मॅथ्यूज नांवाचा एक तरुण मिशनरीहि होता, आणि धर्मकार्याला हातभार म्हणून सज्जनांनीं दिलेलें सामान होतें. काय सामान? तर मद्याचे पेले, चहाचीं तबकें, सूपचीं भांडीं, शुभ्र तागाचीं वस्त्रें आणि उंची टोप्या! जेथें लोक हिमवर्षावांतहि जवळ जवळ उघड्या अंगानें वावरत, तेथें हें सामान जावयाचें होतें. जहाजावर जागा अपुरी, आणि त्या जागेंत हीं तबकें. डार्विनला या निवडीचें हंसूं आलें. पण मला या प्रसंगांत दुसरीच गोष्ट जाणवते. एकाच नांगराच्या सांखळीला बांधलेल्या या माणसांपैकीं एकजण घर सोडून चालला होता, आणि तिघे घरीं चालले होते. त्या तिघांनीं त्या पावसाळी दिवसांत काय विचार केला, तें लिहून ठेवणारा कोणी नव्हता.

ता. २३ नोव्हेंबर रोजीं ‘बीगल’ गोदींतून निघून मैलभर अंतरावरील बार्न पूल नांवाच्या निवाऱ्याच्या जागीं येऊन उभी राहिली. आतां सुताराचें काम संपलें. आतां खरोखर वाऱ्याची वाट पाहणें सुरू झालें. हा प्रकार थोडा समजून घेतला पाहिजे. प्लिमथची खाडी दक्षिणेकडे उघडते. तेथून बाहेर पडून अटलांटिक महासागरांत शिरावयाचें, म्हणजे पश्चिम-नैर्ऋत्येकडे जावयाचें. आणि हिंवाळ्यांत तेथील वारे मुख्यतः त्याच दिशेकडून, तोंडावर, येतात. ‘बीगल’सारख्या आडव्या शिडांच्या जहाजाला वाऱ्याच्या रोखाशीं साठ-सत्तर अंशांहून जवळ जाऊन चालतां येत नसे. मंद वाऱ्यांत नागमोडी वाटेनें थोडेंबहुत पुढें सरकतां येई. पण वादळी वाऱ्यांत तें व्यर्थ. म्हणून पूर्वेकडचा किंवा उत्तरेकडचा वारा येईपर्यंत थांबणें, एवढाच मार्ग.

१० डिसेंबरला तसा वारा आला. सकाळीं नऊ वाजतां नांगर उचलला. डार्विनचा थोरला भाऊ भेटीस आला होता. तो बंदराच्या बाहेरील समुद्रबांधापर्यंत जहाजावर राहिला. तो उतरून गेला आणि तेथूनच धाकट्याचे हाल सुरू झाले. संध्याकाळीं वारा फिरला, नैर्ऋत्येचें वादळ आलें, आणि ती रात्र त्यानें ओकाऱ्यांत काढली. दुसऱ्या दिवशीं सकाळीं जहाज पुन्हां होतें तेथें! केवढी नामुष्की. ज्यांचा निरोप घेतला त्यांनाच पुन्हां रामराम करावयाचा.

परंतु या परतण्यानंतरच डार्विनच्या दिनचर्येंत मला एक पालट दिसतो. १३ डिसेंबरच्या रोजनिशींत तो प्रवासांतील अभ्यासाचा बेत आंखतो. सृष्टिशास्त्राच्या सर्व शाखांतील संग्रह, निरीक्षण व वाचन हें मुख्य, हवामानाच्या नोंदी, फ्रेंच व स्पॅनिश भाषा, थोडें गणित, आणि रविवारीं ग्रीक भाषेंतील नवा करार. आणि लगेच तो कबूलहि करतो, कीं एवढे विषय पाहून आपली छाती दडपते. अंगीं चिकाटी नसेल तर ही संधि आपण वांयां घालवूं. या बेतानें त्याची छातीतली धडधड थांबली असें मी म्हणणार नाहीं. पण तिच्या शेजारीं आणखी एक विचार येऊन बसला, आणि तो कामाचा होता. त्या अरुंद खोलीचाहि त्याला पुढें राग राहिला नाहीं. सर्व वस्तु हाताशीं असल्या आणि जागा बेताची असली, म्हणजे मनुष्य व्यवस्थित होतो. आपला एकंदरींत फायदाच झाला, असें त्यानें दोन महिन्यांनीं वडिलांना लिहिलें.

२१ डिसेंबरला दुसरा प्रयत्न झाला. आपल्याकडील कोणताहि तांडेल जी चूक करणार नाहीं, ती त्या दिवशीं राजाच्या आरमाराकडून झाली. उधाणाचे दिवस होते. उधाणांत भरती जितकी उंच चढते, तितकीच ओहोटी खोल उतरते, हें आपल्या किनाऱ्यावर मुलांनाहि ठाऊक असतें. तिथीची पाऊणपट करून मुंबईच्या भरतीची वेळ सांगणारे म्हातारे आपल्याकडे पुष्कळ होते. त्या दिवशीं नेमकी पूर्ण ओहोटी होती, हें लक्षांत राहिलें नाहीं, आणि ड्रेक बेटाला वळसा घालतांना ‘बीगल’ एका खडकावर चढून बसली. अर्धा तास ती तेथें अडकून पडली. अखेर युक्ति कोणती लागू पडली? तर सर्व माणसांनीं डेकवर एका अंगाकडून दुसऱ्या अंगाकडे पळत सुटावयाचें, म्हणजे जहाज झुलूं लागून मोकळें होईल! बावीस घड्याळें घेऊन पृथ्वी मोजावयास निघालेलें जहाज असें माणसांच्या धांवण्यानें सुटलें. समुद्र शांत होता म्हणून इजा झाली नाहीं. पण दुसऱ्या दिवशीं पुन्हां नैर्ऋत्येचा वारा, आणि पुन्हां प्लिमथ.

मग नाताळ आला. खलाशांना त्या दिवशीं मोकळीक मिळाली, आणि महिनोन्महिने कोंडलेल्या त्या माणसांनीं ती दारूंत बुडविली. शेवटचा पहारेकरीहि झोकांड्या खात खालीं गेला. तेव्हां पोरसवद्या किंगला पहाऱ्यावर उभें राहावें लागलें. आणि दैवाचा खेळ असा, कीं दुसऱ्या दिवशीं, २६ डिसेंबरला, आकाश निरभ्र झालें आणि हवा तसा वारा आला. दोन महिने ज्याची वाट पाहिली तो वारा दारांत उभा. आणि जहाज हलवावयास शुद्धीवर असलेलीं माणसें नाहींत! कांहीं किनाऱ्यावरून परतलेच नव्हते. कांहींना आठ-नऊ तास जड बेड्यांत ठेवलें. तो दिवस तसाच गेला.

सुदैवानें वारा टिकला. २७ डिसेंबरला सकाळीं अकरा वाजतां ‘बीगल’नें नांगर उचलला. डार्विन व लेफ्टनंट सलिव्हन हे फराळ करून दुपारीं दोनच्या सुमारास समुद्रबांधाबाहेर जहाजावर चढले. आणि शिडें भरून तें निघालें. परंतु या निघण्याला एक कडू शेवट आहे. दुसऱ्या दिवशीं, भर समुद्रांत, नाताळच्या अपराधाबद्दल कित्येक खलाशांना फटक्यांची शिक्षा झाली. ओकाऱ्यांनीं जर्जर झालेल्या डार्विनला तें ऐकून फार वाईट वाटलें. मोकळीक देणारेहि आपणच आणि तिच्या परिणामाबद्दल मारणारेहि आपणच, ही गोष्ट त्याला खटकली. वाट पाहण्याचा भार सर्वांवर सारखाच होता. पण डार्विनला रोजनिशी होती, कप्तानाला घड्याळें होतीं, आणि खलाशांना दारूच होती.

जहाज परत आलें तें २ ऑक्टोबर १८३६ रोजीं. या प्रवासांतून डार्विनला काय मिळालें, तें १८५९ सालच्या त्याच्या ग्रंथानें जगाला कळलें. त्याविषयीं मी आज बोलणार नाहीं. मला शेवटीं सांगावयाचें आहे तें कप्तानाविषयीं. वाऱ्याची वाट पाहत किनाऱ्याशीं ताटकळलेला हा फिट्झरॉय १८५४ सालीं ब्रिटिश सरकारच्या नव्या हवामान खात्याचा प्रमुख झाला. १८५९ च्या ऑक्टोबरांत ‘रॉयल चार्टर’ हें जहाज वादळांत फुटून शेंकडों माणसें बुडालीं, तेव्हां त्यानें ध्यास घेतला, कीं बंदरांतील कप्तानाला वादळाची वर्दी आधीं मिळालीच पाहिजे. १८६१ पासून तारायंत्रानें बातम्या गोळा करून बंदरांत काठीवर शंकूच्या व नगाऱ्याच्या आकाराचीं निशाणें चढविण्याची पद्धत त्यानें सुरू केली. त्याचीं भाकितें चुकत, आणि लोक हंसत. १८६५ सालीं त्या खिन्न मनाच्या पुरुषानें स्वतःच्या हातानें आयुष्य संपविलें. त्याचें काम मात्र संपलें नाहीं. आपल्या देशांत १८६४ च्या कलकत्त्याच्या भयंकर वादळानंतर बंदरांना वर्दी देण्याची व्यवस्था झाली, १८७५ सालीं हवामान खातें निघालें. आणि आज रत्नागिरीच्या किंवा मालवणच्या बंदरांत ‘तीन नंबरचा बावटा लागला’ असें ऐकून मच्छिमार होडी बाहेर काढीत नाहीं, तेव्हां तो ज्या रीतीचा मान राखतो, ती फिट्झरॉयनें घालून दिलेल्या रीतीच्याच कुळांतली आहे.

श्रोतेहो, थांबणें कोणालाच चुकलेलें नाहीं. शिडें गेलीं, यंत्रें आलीं, तरी कोणाचें जहाज परवान्यासाठीं, कोणाचें नोकरीच्या पत्रासाठीं, कोणाचें आजारी माणसाच्या उतारासाठीं नांगरलेलें असतेंच. अशा वेळीं छाती धडधडूं लागली, तर तो आपल्या एकट्याचा दुबळेपणा आहे असें समजूं नये. बार्न पूलच्या त्या अरुंद खोलींत, खण काढलेल्या कपाटाशेजारीं, बावीस वर्षांच्या एका तरुणाचीहि छाती अशीच धडधडत होती. आणि तरीहि त्यानें दुसऱ्या दिवशींच्या अभ्यासाची यादी केली, झोळींत बरोबर मध्यभागीं बसला, आणि अंगाला एक पीळ देऊन निजला.